विषुववृत्तावर न बसणारा पट्टा

शाळेच्या भूगोलातली ती आकृती बहुतेकांना आठवत असेल. एक वर्तुळ, मधोमध आडवी रेघ, रेघेवर ‘विषुववृत्तीय कमी दाबाचा पट्टा’ असे शब्द आणि वरून-खालून त्या रेघेकडे तिरके येणारे बाण. बाण म्हणजे व्यापारी वारे. सूर्य डोक्यावर, हवा तापते, हलकी होऊन वर जाते, खाली दाब कमी होतो, ती जागा भरायला दोन्हीकडून वारे येतात आणि दुपारी पाऊस पडतो. पाच गुणांचे उत्तर तयार. त्यात खोटे फारसे काही नाही. पण ज्या पट्ट्याविषयी हे उत्तर आहे, तो विषुववृत्तावर क्वचितच सापडतो. पूर्व प्रशांत महासागरात तर विषुववृत्त म्हणजे थंड पाणी आणि कोरडे आभाळ. शिवाय आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट त्या आकृतीत नसतेच: जूनमध्ये कोकणावर आदळणारा वारा हा त्याच बाणांपैकी एक, दक्षिण गोलार्धात निघालेला आणि रेघ ओलांडून आलेला.

आधी हा ‘कमी दाब’ किती कमी ते पाहू. दोन्ही गोलार्धांत तिशीच्या अक्षवृत्तांजवळ समुद्रावर हवेचा दाब साधारण १०२० ते १०२५ हेक्टोपास्कल असतो. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात तो १०१० च्या आसपास उतरतो. तीन हजार किलोमीटरमध्ये फरक जेमतेम दहा-पंधरा हेक्टोपास्कलचा. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात दाब ९१२ पर्यंत गेला होता. त्यापुढे हा उतार किरकोळच. त्यावरून येणारे वारेही मग सौम्य, ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचे. त्यांचा प्रभाव आहे तो सातत्यामुळे. उघड्या समुद्रावरून, हजारो किलोमीटर, महिनोन्महिने ते जवळपास एकाच दिशेने वाहत राहतात.

हे सातत्य शास्त्रज्ञांच्या आधी खलाशांच्या कामी आले. १४९२ मध्ये कॅनरी बेटांवरून ६ सप्टेंबरला निघालेल्या कोलंबसाला ईशान्येकडचा वारा पाठीशी मिळाला आणि १२ ऑक्टोबरला पलीकडची जमीन लागली. परतताना त्याने शहाणपणाने उत्तरेची वाट धरली, तिथे पश्चिमी वारे होते. १४९८ च्या तिसऱ्या सफरीत मात्र तो बराच दक्षिणेकडे उतरला आणि जुलैमध्ये शांत पट्ट्यात अडकला. आठ दिवस वारा नाही, उकाडा असह्य, गलबतावरचा शिधा खराब होऊ लागलेला. दोन गोलार्धांचे वारे जिथे समोरासमोर येतात तिथे त्यांचे आडवे वाहणे संपून हवा वर जायला लागते. शिडाला वर जाणाऱ्या हवेचा उपयोग काय? शिडाच्या जहाजांना या पट्ट्याची धास्ती असे ती यामुळे. गाठभेट व्हायची ती एक तर मेलेल्या वाऱ्याशी, नाही तर अचानक कोसळणाऱ्या वावटळी पावसाशी.

कारणे शोधायला सतरावे शतक उजाडले. धूमकेतूमुळे आपल्या परिचयाचा एडमंड हॅली तरुणपणी ताऱ्यांच्या नोंदी करायला दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर गेला होता. खलाशांकडून मिळालेली माहिती जमवून त्याने १६८६ मध्ये वाऱ्यांचा नकाशा छापला. हवामानाचा पहिला नकाशा म्हणून त्याचा मान आहे, आणि आपल्याकडच्या समुद्रांत ऋतूप्रमाणे उलटणारे वारेही त्यात आहेत. उन्हाने तापलेली हवा वर जाते आणि शेजारची तिच्या जागी येते, हे हॅलीने बरोबर ओळखले. वारे पश्चिमेकडे का झुकतात याचे उत्तर मात्र फसले. सूर्य दिवसभरात पश्चिमेकडे सरकतो, त्याच्यामागे हवाही जाते, असे त्याने मांडले.

ही अडचण सोडवली जॉर्ज हॅडली या वकिलाने, १७३५ मधल्या एका छोट्या निबंधात. विषुववृत्तावरची जागा पृथ्वीबरोबर ताशी १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते, तिशीच्या अक्षवृत्तावरची सुमारे १४५० ने. उत्तरेकडून निघालेली हवा आपला कमी वेग घेऊन विषुववृत्ताकडे येते, खालची पृथ्वी तिच्यापेक्षा भरभर पुढे जाते आणि हवा मागे, म्हणजे पश्चिमेकडे पडते. या हिशेबाने वाऱ्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात जायला हवा. तो त्याच्या दशांशाइतकाच असतो. हॅडलीने तेही सांगून ठेवले होते: वाटेत जमीन आणि पाणी हवेला घासून आपला वेग देत जातात. पण निबंधातला मला सर्वांत आवडणारा मुद्दा पुढचा आहे. वारे पृथ्वीला सतत पश्चिमेकडे घासत राहिले, तर तिचे फिरणे मंदावेल. ते मंदावत नाही. त्याअर्थी दुसरीकडे कुठेतरी तेवढ्याच जोराने पूर्वेकडे वाहणारे वारे असलेच पाहिजेत. पुरावा हाती नसताना असण्याचा निष्कर्ष काढायला असा वकिलीच मेंदू लागतो. त्याच्या गणितात एक चूक होती; ती पुढे, एकोणिसाव्या शतकात कोरिओलिस आणि फेरेल यांच्या कामानंतर दुरुस्त झाली. निबंधाकडे मात्र पन्नाससाठ वर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. १७९३ मध्ये अणुसिद्धांतवाल्या जॉन डाल्टनने तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली आणि मग त्याला कळले की आपल्याआधी कोणीतरी ती लिहून गेले आहे.

हॅली आणि हॅडली यांच्या चित्रात पाण्याला जवळपास जागाच नव्हती. खरे इंजिन तर पाण्यावर चालते. तिशीच्या अक्षवृत्तांजवळ हवा वरून खाली उतरत असते; उतरताना ती दाबली जाऊन तापते आणि ढग विरतात. सहारा, कलहारी, अटाकामा अशा वाळवंटांवर ही उतरती हवा आहे. तिथून निघालेला व्यापारी वारा म्हणजे मुळात कोरडा वारा. समुद्रावरून जाता जाता तो बाष्प उचलत जातो. पण साधारण दोन किलोमीटर उंचीवर उष्ण हवेचा थर आडवा आलेला असतो, त्यामुळे ढग छोटे, विखुरलेले राहतात आणि बहुतेक बाष्प न बरसता पुढे जाते. ते मोकळे होते थेट पट्ट्यात पोचल्यावर. एक किलो बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते, विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे ०.७ युनिट. दिवसात १० मिलिमीटर पाऊस पडला, तर दर चौरस मीटरमागे वरच्या हवेला सात युनिटे उष्णता मिळाली. हा तापलेला स्तंभ खालचा दाब आणखी उतरवतो, वारे आणखी ओढले जातात, आणखी बाष्प येते. म्हणून ‘कमी दाबामुळे वारे येतात’ हे जितके खरे, तितकेच ‘वारे बाष्प आणतात म्हणून दाब कमी राहतो’ हेही खरे. पाठ्यपुस्तकातली कारण-परिणामांची सरळ साखळी इथे गोल होते. माझ्या मते या विषयातली निम्मी गुंतागुंत इथूनच निघते.

ही उष्णता वर जाते कशी, याचे उत्तर १९५८ मध्ये हर्बर्ट रील आणि जोआन मॅल्कस यांनी दिले. जोआन मॅल्कस पुढे जोआन सिम्प्सन या नावाने ओळखल्या गेल्या. हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. दोघांनी दाखवले की पट्टाभर हवा सावकाश, एकसारखी वर चढते हे चित्र हिशेबात बसत नाही, कारण मधल्या उंचीवरच्या हवेत ऊर्जा सर्वांत कमी असते. सोळा-सतरा किलोमीटर उंचीच्या तपांबराच्या माथ्यापर्यंत उष्णता पोचवतात ते मोजके, अरुंद, प्रचंड गर्जमेघ. भोवतालच्या हवेत फारसा न मिसळता त्यांचा गाभा थेट वर जातो. साऱ्या पृथ्वीवर एका वेळी असे १५०० ते ५००० ‘तप्त मनोरे’ असले तरी काम भागते, असा त्यांचा अंदाज होता. एखाद्या दिवसाचे उपग्रहचित्र पाहिले तर पट्टा दिसत नाही तो यामुळे. दिसतात ढगांचे तुकडे, त्यांच्यामध्ये निरभ्र जागा. महिन्याभराची सरासरी काढली की मग पट्टा उमटतो. आणि दुपारच्या पावसाचा नियम जमिनीपुरताच. खुल्या समुद्रावर पावसाचा जोर बहुधा पहाटेकडे असतो.

या मनोऱ्यांची जमिनीवरच्या माणसाला फारशी कल्पना येत नाही, वैमानिकांना येते. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर याच पट्ट्यातून जात होते. उंचावरच्या बर्फकणांनी वेग मोजणाऱ्या नळ्या थोडा वेळ तुंबल्या, स्वयंचलित नियंत्रण सुटले आणि पुढच्या काही मिनिटांत विमान समुद्रात कोसळले. २२८ जण गेले. चौकशीत वैमानिकांच्या प्रतिसादावर बरेच बोट ठेवले गेले, ते रास्तही होते. पण सुरुवात झाली ती पट्ट्यातल्या ढगांनी वर नेलेल्या बर्फापासून.

आता जागेचा प्रश्न. सूर्य वर्षभरात दोन्ही गोलार्धांना सारखाच वेळ देतो, तरी या पट्ट्याची सरासरी जागा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सहा अंशांवर आहे. अटलांटिक आणि पूर्व प्रशांतात तर तो जवळजवळ वर्षभर उत्तरेतच राहतो. ते का, याला एक जवळचे कारण आहे आणि एक दूरचे. जवळचे कारण खुद्द व्यापारी वारेच. त्यांनी ढकललेले पृष्ठभागाचे पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिणेत डावीकडे वळते, म्हणजे दोन्ही बाजूंनी विषुववृत्तापासून दूर. मोकळ्या झालेल्या जागेत खालून थंड पाणी वर येते. शिवाय पेरूच्या किनाऱ्याने थंड हम्बोल्ट प्रवाह येऊन मिळतो. परिणामी गॅलापॅगोस बेटे विषुववृत्तावर असूनही त्यांच्या सखल भागात निवडुंग वाढतात आणि किनाऱ्यावर पेंग्विन राहतात. जिथे सूर्य सर्वाधिक तापवतो तिथेच वाऱ्यांनी समुद्र थंड करून ठेवला, आणि पावसाला काही अंश उत्तरेला घर शोधावे लागले. आफ्रिकेचा पश्चिमेकडे आलेला फुगवटा आणि अमेरिकेचा तिरका किनारा यांनी या असमतोलाला हातभार लावला, हे १९९० च्या दशकात जॉर्ज फिलँडर आणि सहकाऱ्यांनी मांडले.

दूरचे कारण आर्क्टिकच्या वेशीवर आहे. अटलांटिकमधले खोल अभिसरण दक्षिणेकडची उष्णता विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे नेते, त्यामुळे उत्तर गोलार्ध किंचित अधिक उबदार राहतो. पावसाचा पट्टा नेहमी उबदार गोलार्धाकडे झुकतो आणि वरच्या हवेतून जादा उष्णता थंड बाजूला परत पाठवतो. गेल्या वीस वर्षांतला हा बहुधा सर्वांत उपयोगी विचार आहे, कारण तो भूतकाळालाही लावून पाहता येतो. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळच्या कारियाको खोऱ्यात तळाशी थरावर थर गाळ साचला आहे. पाऊस जास्त तेव्हा नद्यांनी आणलेल्या मातीतले टायटेनियम जास्त. हे थर सांगतात की उत्तर अटलांटिक गारठला त्या काळात पट्टा दक्षिणेला सरकला होता. उलट बाजूने पाहायचे तर सहारा. सहा ते दहा हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ येत असे, पावसाचा पट्टा आजच्या वाळवंटात खोलवर जाई, तिथे सरोवरे होती आणि अल्जीरियातल्या तासिलीच्या खडकांवर माणसांनी गुरांचे कळप रंगवले.

सहाराच्या दक्षिणेचा साहेल तर आपल्या डोळ्यांदेखत सुकला. १९६० च्या दशकाअखेरपासून १९८० च्या दशकापर्यंत तिथे दुष्काळामागून दुष्काळ पडले. सुरुवातीचा आरोप तिथल्याच पशुपालकांवर होता: गुरांनी गवत खाल्ले, जमीन उघडी पडली, ऊन परावर्तित होऊ लागले, पाऊस हटला. ज्यूल चार्नी यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये या मांडणीला गणिताचे बळ दिले. पुढे महासागरांच्या तापमानाचा हात मोठा असल्याचे दिसून आले, आणि त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे युरोप-अमेरिकेच्या धुराड्यांतून निघालेल्या गंधकाच्या कणांनी उत्तर गोलार्ध थोडा थंड ठेवला आणि पट्टा दक्षिणेला ढकलला, याचेही पुरावे जमले. मालीतल्या गुराख्याला दोषी धरणारे अहवाल तोवर लिहून झाले होते.

हा पट्टा सर्वांत लांब जातो तो आपल्याकडे. आफ्रिका-आशियाच्या बाजूला तो जुलैत जवळजवळ पंचवीस अंश उत्तरेपर्यंत चढतो. वर्तमानपत्रात ‘मान्सूनचा आस’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो हाच. दक्षिण हिंदी महासागरातला आग्नेय व्यापारी वारा त्याच्या ओढीने केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन अरबी समुद्र कापतो. सोमालियाजवळ हा प्रवाह एखाद्या नदीसारखा अरुंद आणि वेगवान होतो. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरच्या या झोताचा शोध १९६९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी नीट मांडला. वाऱ्याचे हे वेळापत्रक न पाळण्याची किंमत वास्को द गामाने मोजली. १४९८ मध्ये मालिंदीहून कालिकतला तो पाठवाऱ्याने चार आठवड्यांच्या आत आला. परतीला मात्र घाई केली. गोव्याच्या हद्दीतल्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ईशान्येचा वारा धरण्याआधीच, तो निघाला. तोच समुद्र ओलांडायला तीन महिने लागले आणि स्कर्व्हीने बरेच खलाशी दगावले.

जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून समुद्रावरून वारा येतो. मान्सून म्हणजे खाऱ्या वाऱ्याचीच अवाढव्य आवृत्ती, असे हॅलीपासून चालत आले आहे आणि अजून शिकवलेही जाते. सिमल्याच्या हवामान कार्यालयात काम केलेल्या जॉर्ज सिम्प्सन यांनी १९२१ मध्येच साधा आक्षेप घेतला होता: जमीन सर्वांत जास्त तापते ती मेमध्ये, मग पाऊस जुलैत का? चंद्रपूर-नागपूरचा मे ज्याने काढला आहे त्याला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी या आक्षेपाचे पूर्ण पर्यायी उत्तर केले. पाऊस कमी झालेल्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते, कमी नव्हे, हे त्या ठासून सांगत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले डी. आर. सिक्का आणि त्या, दोघांनी १९७३ ते १९७७ या वर्षांतली रोजची उपग्रहचित्रे तपासली आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडला की भारतावरचा मान्सूनचा ढगपट्टा हा विषुववृत्ताजवळच्या पट्ट्याचाच जमिनीवर आलेला अवतार आहे. त्यातले बारकावे विलक्षण आहेत. उन्हाळ्यात या रेखांशांवर ढगांना दोन पसंतीच्या जागा असतात, एक जमिनीवर आणि एक विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर. जमिनीवरचा पट्टा महिनाभराहून अधिक स्वतःच्या बळावर तग धरत नाही. समुद्रावरचा पट्टा उत्तरेला सरकत येऊन त्याला नवी रसद देतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की आपण आभाळाकडे बघतो; खरे बघायचे ते मालदीवच्या दक्षिणेला. जमिनीचे तापणे निरुपयोगी ठरते असे यातून निघत नाही, खंडाशिवाय पट्टा इतक्या उत्तरेला आलाच नसता. तापलेली जमीन त्याला बोलावते. पाऊस टिकवते ते बाष्प.

आतापर्यंतची गोष्ट उत्तर-दक्षिण झाली. पूर्व-पश्चिम गोष्ट गिल्बर्ट वॉकर यांची. १८९९ च्या भीषण अवर्षणानंतर काही वर्षांनी, १९०४ मध्ये, हा केंब्रिजचा गणिती भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. मान्सूनचे भाकीत करण्यासाठी त्यांनी जगभरचे दाबाचे आकडे कारकुनांकडून पडताळून घेतले आणि त्यांना दिसले की प्रशांत महासागराच्या बाजूला दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो आणि उलट. कारण त्यांना सांगता आले नाही, त्याबद्दल टीकाही झाली. १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी दुवा जोडला: प्रशांतावरचे व्यापारी वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात, तिथे समुद्राची पातळी पूर्वेपेक्षा अर्धा मीटर उंच राहते, ढग आणि कमी दाबही तिथेच. वारे मंदावले की ते पाणी पूर्वेकडे परत येते, त्याच्याबरोबर पाऊसही. हाच एल निनो. १८७७ मध्ये दख्खन, उत्तर चीन आणि ब्राझीलचा सिआरा प्रांत हे एकमेकांना न ओळखणारे प्रदेश एकदमच होरपळले, त्यामागे असाच एक जबर एल निनो होता. उपासमारीला मात्र वाऱ्याइतकेच राज्यकर्तेही जबाबदार होते.

पण एल निनोला सगळ्या दुष्काळांचा मुनीम करणेही चूक. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा त्यामानाने साधा, आणि त्या जुलैत देशात नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडला. या कोड्यातून हिंदी महासागराकडे लक्ष गेले: त्याच्या विषुववृत्तीय भागात ढग पश्चिमेला जमतात की पूर्वेला, यावर आपला पाऊस बराच अवलंबून असतो. जपानमध्ये काम करणाऱ्या साजी आणि यामागाता यांनी १९९९ मध्ये समुद्राच्या तापमानातला हा हेलकावा दाखवला. गाडगीळ यांनी त्याच्या वाऱ्यांच्या आणि ढगांच्या बाजूवर भर दिला. दोन्हींत काय जास्त महत्त्वाचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

संगणकी प्रारूपांना हा पट्टा आजही नीट जमत नाही. प्रशांत महासागरात खरा पट्टा विषुववृत्ताच्या उत्तरेला एक. अनेक प्रारूपे दक्षिणेला त्याचा जुळा भाऊ उभा करतात. हा दोष १९९० च्या दशकात नीट नोंदवला गेला, प्रारूपांच्या पिढ्या बदलल्या, पण जुळा भाऊ गेला नाही. एक मोठी अडचण पुन्हा त्या मनोऱ्यांचीच. जगाचे गणित चौकटींमध्ये केले जाते, आणि चौकटीहून लहान ढग अंदाजपंचे धरावे लागतात. २६ मे २०२५ ला, ज्या दिवशी मान्सून आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर मुंबईत पोचला, त्याच दिवशी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. तिची चौकट सहा किलोमीटरची आहे, आधीच्या व्यवस्थेच्या निम्म्याने. गर्जमेघाचा गाभा त्याहूनही अरुंद असतो.